डावा बैल

सिनेमात काम केलंय का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. भूमिका कोणती, असं विचारलं तर विषय बदलतो. पण आता लपवण्यासारखं वय राहिलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो. इंग्रजांच्या अमदानीतल्या एका सिनेमात मी बैल होतो. डावा.

मध्यंतरी त्या पांदणीवर पुन्हा जाऊन उभा राहिलो. चांदूर रेल्वेहून कौंडण्यपूरकडे निघालं की आमचं गाव लागतं आणि गावाच्या पाठीमागून ही पांदण शेतांकडे जाते. जाते म्हणजे जायची. दोन्ही अंगांना बाभळी, मधे चाकांनी कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधल्या पट्टीवर उगवलेला तरोटा. पावसाळ्यात तिथून माणूस निघायचा तेव्हा जेवढा उंच असायचा, त्याहून वीतभर उंच होऊन घरी पोचायचा, कारण काळी माती तळपायाला थर देत देत सोबत यायची. उंबऱ्याशी बसून काडीनं ती खरवडायची, हा एक कार्यक्रमच असे. आता सिमेंटचा रस्ता झालाय. चप्पल स्वच्छ राहते. मी बराच वेळ उभा राहिलो, तरी माझी उंची वाढली नाही.

बाभळी मात्र थोड्या शिल्लक आहेत. पिवळ्या फुलांचा तो हलकासा गोडूस वास आला आणि मला एकदम कोमट लोण्याचा वास आठवला. बाभळीचा आणि लोण्याचा काय संबंध, असं म्हणाल, तर संबंध पोळ्याचा आहे.

आम्ही राहायला अकोल्याला, वडिलांच्या नोकरीमुळे. पण पोळ्याला गावी मोठ्या बाबांकडे. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई म्हणजे त्यांची बायको आणि गजूदादा हा त्यांचा मुलगा, माझ्याहून काही वर्षांनी मोठा आणि सगळ्याच बाबतींत रुंद. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असत. मोठी आई कढत पाण्यात लोणी-हळद घालून द्यायची. मोठे बाबा पळसाच्या पानांची जुडी त्यात बुडवून बैलांच्या खांद्यावर चोळायचे. वर्षभर जू घासून तिथली कातडी जुन्या जोड्याच्या टाचेसारखी झालेली असायची. चोळता चोळता ते बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलानं कान हलवला की आमंत्रण पोचलं. गोठ्यात वास दाटून यायचा. लोणी, हळद, शेण, भिजलेली वैरण आणि पळसाच्या पानाचा हिरवट कडसरपणा. तसा वास पुन्हा कुठे भेटला नाही. अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावर तर नाहीच, आणि बायको म्हणते, बरंच झालं.

अशाच एका पोळ्याच्या आधी गावात सिनेमावाले आले.

मी तेव्हा इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. त्यामुळे चांदूर तालुक्यातला इतिहासाचा सर्वांत मोठा जाणकार मीच, याबद्दल निदान माझी तरी खात्री होती. दिग्दर्शक पुण्याचे, सभ्य, हळू बोलणारे. त्यांना मी सल्लागार म्हणून स्वतःला देऊन टाकलं. त्यांनी मागितलं नव्हतं, पण चांगली माणसं दिलेलं परत करत नाहीत.

माझ्या सल्ल्यांचे परिणाम त्या सिनेमात आजही पाहता येतात. पांदणीच्या तोंडाशी विजेचा खांब होता. मी म्हटलं, पोती गुंडाळा, वर बाभळीच्या फांद्या बांधा, झाड होईल. झालं. शिसपेन्सिलीसारखं सरळ खोड आणि शेंड्याला चिनीमातीची पांढरी फळं लागलेलं ते जगातलं एकमेव झाड आहे. दिग्दर्शकांनी शेताकडे बोट दाखवून विचारलं, हे पीक त्या काळी होतं का? मी म्हटलं, युगानुयुगे. ते सोयाबीन होतं. गावात त्याला येऊन जेमतेम काही हंगाम झाले होते आणि म्हातारी माणसं अजून त्याचं नाव चारचौघांत घेताना अडखळत होती. नायिकेला वऱ्हाडी शिकवायचं कामही माझ्याकडेच होतं. ती बिचारी मन लावून शिकली, पण मधे जेवणाची सुट्टी झाली. त्यामुळे सिनेमात ती एका वाक्यात "मले जाऊ द्या, बाबा" म्हणते आणि पुढच्याच वाक्यात "मला अडवू नका." त्या दोन वाक्यांच्या मधे झुणका-भाकरी आहे, हे प्रेक्षकांना कसं कळणार?

मुख्य प्रसंग होता नायिकेच्या पाठवणीचा. ती दमणीत बसून, म्हणजे वर छत असलेल्या आमच्याकडच्या हलक्या बैलगाडीत बसून, सासरी निघते. दमणी पांदणीतून दूर दूर जाते आणि कॅमेरा मागे जमिनीलगत राहून ती जाताना पाहतो. कथेत हा वैशाख होता. प्रत्यक्षात श्रावणाची अमावास्या. आठवडाभर झड लागलेली. ऊन पडेल म्हणून सगळी मंडळी तंबूत बसून पत्ते खेळत होती. ऊन पडलं ते नेमकं पोळ्याच्या दिवशी, आणि नायिकेला तर त्याच रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतायचं होतं.

दिग्दर्शक घाईघाईनं आले आणि म्हणाले, बैल जुंपा.

बैल गोठ्यात न्हाऊन उभे होते, शिंगं रंगवायची होती, बेगड अजून पुडीतच होता. मोठे बाबा दमणीच्या दांडीवर हात ठेवून, अजिबात आवाज न चढवता बोलले.

"साहेब, वर्साचा एक दिवस त्यायचा हाय. आज मानेवर जू ठेवलं, तं उद्या त्यायले कोन्त्या तोंडानं हाका मारू?"

दिग्दर्शक गावभर फिरले. ज्यानं त्यानं चहा पाजला, पाट दिला, आणि बैल दिला नाही. एकानं मोठ्या मनानं ट्रॅक्टर देऊ केला. शेवटी ते दमणीच्या चाकाला टेकून खाली बसले. ढग पुन्हा जमू लागले होते. इतिहासाच्या जाणकाराला राहवेना. मी म्हटलं, कॅमेरा तर मागून आहे, बैल कुणाला दिसतात? माणसं जुंपा. एवढं बोलून मी कोण पुढे येतं ते पाहायला इकडेतिकडे बघू लागलो.

"बोल्ला कोन?" मोठे बाबा म्हणाले. "मंग लाग तूच."

गजूदादा हसत हसत उठला. जुवाला हात लावून तो कपाळाशी नेला आणि पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या. आजच्या दिवशी जू देव असतं, चपला घालून ते खांद्यावर कसं घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. मी बाभळीच्या काट्यांकडे पाहिलं आणि देवाला मनातल्या मनात नमस्कार केला. माझ्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला पायातच राहिल्या.

मग काय काय झालं, ते सगळं आठवत नाही. खांद्याशी ओलसर लाकूड, तेल दिलेल्या आसाची बारीक कुरकुर, मागे नायिकेचं ग्लिसरिनचं रडणं, बाजूला गजूदादाचा श्वास. चिखलातून येणारा चपक चपक आवाज. एका टिटवीनं आमच्यावर चालवलेली टीका. दमणी पांदणीच्या वळणापर्यंत गेली, मागून कुणीतरी ओरडलं की झालं, आणि तेवढ्यात पाऊस आला.

संध्याकाळी तोरणाखाली पोळा भरला. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. दिग्दर्शकांनी त्यातच बैलांची तोंडं आणि चालते पाय टिपून घेतले, जुवाशिवाय, नुसते हातात धरून चालवलेले. म्हणूनच सिनेमात दमणी निघते तेव्हा बैलांची शिंगं साधी आहेत, अर्ध्या वाटेत ती सोनेरी होतात आणि नदीपाशी पोचेपर्यंत पुन्हा साधी. पोळ्यात झडत्या म्हणायची रीत आहे. गावातला एखादा तयार गडी यमकं जुळवून ज्याची त्याची उडवतो. त्या वर्षीची झडती आमच्या वाट्याला आली:

ममईची बाई बसली गाड्यात,
बैल जेवले आपल्या वाड्यात,
गजू जुपला, संग त्याचा भाऊ,
पुरनाची पोई आता कोनाले देऊ?

हर हर महादेव झालं. पोळी आम्हालाच मिळाली, बैलांच्या बरोबरीनं, घरातल्या माणसांच्या आधी. आणि मोठी आई उरलेलं लोणी-हळद कोमट करून घेऊन आली. वरून हसत होती, पण हात खरोखरीच्या काळजीनं चालत होता. गजूदादाच्या खांद्यावर लाल वळ उठला होता. तो शेकून झाल्यावर मीही सदरा काढून पुढे झालो आणि दोन्ही खांदे शेकून घेतले.

सिनेमा चालला नाही. अमरावतीच्या थेटरात आला आणि लवकरच गेला. पण आमचं गाव ट्रॉलीत बसून गेलं होतं. पाठवणीचा प्रसंग सुरू झाला, बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. दमणी निघाली. आणि चाकांच्या मधून, आसाच्या खाली, धुळकट, गढूळ अशा त्या चित्रात चार माणसांचे पाय चालताना दिसू लागले. म्हणजे माणसं दोन, पाय चार. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, "अबे, बैलाच्या पायात स्लीपर हाय." त्यानंतर नायिकेच्या वाट्याला कुणाचे अश्रू आले नाहीत.

याचा माझ्यावर झालेला परिणाम असा, की पुढे आयुष्यभर मी इतरांच्या सिनेमांतल्या चुका काढत बसलो. अकोल्याला शाळेत इतिहास शिकवला आणि थेटरात बसून तपासनीस झालो. सतराव्या शतकातल्या शिपायाच्या दंडावर देवीची लस टोचल्याचा वण. दरबारी मेजवानीच्या ताटात टोमॅटोची कोशिंबीर. रणांगणावरून परतलेल्या सरदाराच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा. एका सीनमधे डाव्या गालावर असलेली जखम दुसऱ्या सीनमधे उजव्या गालावर आणि तिसऱ्यात गायब. बायको माझ्या शेजारी तिकीट घेत नाही. माझ्या दोन रांगा पुढे बसते.

म्हणून गेल्या वर्षी सायलीचा फोन आला, तेव्हा मला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. सायली त्या दिग्दर्शकांची मुलगी. वडील गेले, त्यांचा तो पडलेला सिनेमा ती संगणकावर धुऊनपुसून नव्यानं दाखवणार होती. गावातल्या लोकांना नीट आठवत असेल म्हणून माझ्याकडे चौकशी करत होती. तिनं विचारलं, चुका कुठे कुठे आहेत ते सांगाल का, काढता येतील तेवढ्या काढू. मी पोथी सांगितल्यासारखं सांगितलं. खांब, सोयाबीन, शिंगं, मले आणि मला. आणि शेवटी, हसत हसत, चपला. ते चार पाय आधी काढा, म्हटलं, अब्रू जाते.

"पाय सहज जातील, सर," ती म्हणाली. "तिथे बैलांचे खूर लावू."

ही आनंदाची बातमी गजूदादाला द्यायला मी गावी गेलो होतो, आणि पांदणीवर उभा राहिलो होतो तो त्याच दिवशी.

गजूदादा अंगणात बाजेवर बसला होता, बाजूला वॉकर. साखरेच्या आजारानं त्याचा उजवा पाय नेला, घोट्याच्या वरून. त्यालाही आता काही वर्षं झाली. हे तो कुणालाही वाईट वाटू न देता सांगतो. चपलांचा जोड घेतला तर एक फुकट जाते, अशी दुकानदाराशी त्याची भांडणं चालतात. मी गेलो तेव्हा शेजारचे एक जावई आले होते आणि गजूदादा त्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. वाकून पाहिलं तर तोच तुकडा. दमणी, चाकं आणि चाकांमधले पाय. नातीनं फोनमधे घालून दिला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जात असे, हे मला सुनेकडून कळलं.

जावई गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. कसं सगळं नवं कोरं होणार, खांब जाणार, चपला जाणार.

"आन पाय?" त्यानं विचारलं.

"पायही. खूर लावणार."

तो फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कसं हाय मास्तर, फोटू लोक तोंडाचे काढतात. लग्नात तोंडाचा, आधारले तोंडाचा. माहे पाय कोन काढते? दोन्ही संग हायेत ते तेवढेच." आणि थोड्या वेळानं, सुनेला चहा टाकायला सांगून झाल्यावर, अगदी सहज म्हणाला, "पन काढू दे. एक डॉक्टरनं काढला, दोन हे काढतीन."

मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो आणि सायलीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच मला एक चूक वाचवायची होती आणि त्याची काहीच सवय नव्हती. आधी मी अभ्यासूपणे सुरुवात केली. म्हटलं, तसं पाहिलं तर रबराचा शोध फार जुना आहे.

"सर," ती म्हणाली, "निळे पट्टे?"

मग मी म्हटलं, वऱ्हाडात गरिबीमुळे कधीकधी माणसंही गाडी ओढत. ती म्हणाली, नायिका तर जमीनदाराची मुलगी आहे. शिकवलेलं इतकं पक्कं लक्षात ठेवणारी विद्यार्थिनी मला शाळेत कधी मिळाली नाही. शेवटी इतिहास बाजूला ठेवला आणि बाजेवर काय झालं ते सांगितलं. पोळा, जू, गजूदादाच्या काढून ठेवलेल्या चपला, सगळं.

"पण लोक हसतील, सर. बाबांचा सगळ्यात आवडता शॉट होता तो."

"हसू दे. आम्ही तर पहिल्या दिवसापासून हसतोय."

"बघते," ती म्हणाली. आता पुण्याच्या 'बघते'चा अर्थ वऱ्हाडात कुणालाच लागलेला नाही. मी गजूदादाला काही बोललो नाही. नंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा काम चालू आहे एवढंच कळलं.

पहिला खेळ तिनं अमरावतीला ठेवला, एका लहानशा सभागृहात. गजूदादाला त्याच्या मुलानं गाडीतून आणलं होतं, पांढराशुभ्र सदरा, खिशात पेन. पेन कशाला, हे विचारायचं नसतं. दाराशी सायली उभी होती. मी डोळ्यांनी विचारलं. तिनं नुसतं, "बसा ना, सर," म्हटलं. आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो, वॉकर मधे.

अंधार झाला आणि आमचं गाव पडद्यावर आलं. असं गाव मी प्रत्यक्षातही पाहिलं नव्हतं. सोयाबीनचं पान न पान वेगळं, त्यावरचे थेंब, बाभळीची पिवळी फुलं. पांदणीच्या तोंडाशी माझं झाड नव्हतं; तिथे नुसतं आभाळ होतं. गर्दीच्या दृश्यात मोठे बाबा फेटा सारखा करताना दिसले आणि सरळ कॅमेऱ्यात बघून हसले. त्या हसण्यालाही कुणी हात लावला नव्हता. गजूदादानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आता उठून बाहेर जावं.

दमणी निघाली. कॅमेरा मागे, जमिनीलगत. चाकं फिरू लागली.

पाय होते.

धूळ आणि गढूळपणा पार धुऊन काढलेला, पाय जसेच्या तसे. गजूदादाचे उघडे पाय, पोटऱ्यांवर ताणलेल्या शिरा. उजवा अंगठा काळ्या मातीत रुतायचा, बोटं पसरायची, माती धरायची, टाच उचलली जायची, मग डावा. चिखल बोटांच्या फटींतून वर येत होता, तोही दिसत होता. सभागृहात कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले, आणि ते हसणं ऐकून गजूदादाचा चेहरा असा उजळला, की मी पडद्याकडे बघायचंच विसरलो.

मग पाहिलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हेरणाऱ्या माझ्या नजरेला तिथे एक नवीच चूक सापडली. त्या उघड्या पायांच्या शेजारी निळ्या पट्ट्यांचे दोन पाय चालत होते. रुतत नव्हते. टाचा उचलत नव्हते. जेवण झाल्यावर शतपावलीला निघाल्यासारखे, अंगाला जराही तोशीस न लावता, फटक फटक. वळणापाशी गाडी जड झाली, गजूदादाचे दोन्ही पाय मातीत तिरपे झाले. आणि नेमक्या त्या क्षणी डाव्या बैलानं एक पाय उचलला, दुसऱ्या पायाची पोटरी सावकाश खाजवली आणि पुन्हा चालू लागला.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की ती दमणी आम्ही दोघांनी ओढली.

मी हळूच गजूदादाकडे वाकलो. म्हटलं, "दादा, मी तर ओढतच नव्हतो रे."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. नजर पडद्यावरच होती. "तवाच मालूम होतं."

"मग बोलला काहून नाहीस?"

"तू बोलत होता ना. तथून इथवर नुसती बडबड, त्या बाईचं हे अन् इंग्रजाचं ते. आयकता आयकता वळन आलं बी." त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "काही जड लागलं नाही, बाप्पा. आता पाहू दे."